बधिर बोटांची पांढरी गोधडी

माझं काम आवक-जावकचं. तालुक्याच्या कार्यालयात कागद आला की त्यावर शिक्का, तारीख आणि क्रमांक टाकायचा, मगच तो आत पाठवायचा. नोंद नसेल तर कागद आलाच नाही असं धरतात. बावीस वर्षं मी हे काम करते आहे. आजारपणात मात्र एक नोंद मी मुद्दाम केली नाही. हे लिहिते आहे ते त्या एका नोंदीसाठी. ज्यांचे केमो चालू आहेत किंवा ज्यांच्या घरात कुणाचे चालू आहेत, त्यांच्या उपयोगी पडलं तर बरं. औषधांची नावं आणि रिपोर्टचे आकडे देत नाही. ते प्रत्येकाच्या फायलीत वेगळे असतात.

रिपोर्टचा दिवस

छातीतल्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं अकोल्याला गेलो, मी आणि हे. यांची रिठदला शेती आहे. रिसोडहून रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन करतात. त्या दिवशी सोयाबीनवरची फवारणी अर्धी टाकून आले होते आणि बसमध्ये तसं दोनदा म्हणाले.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. त्या म्हणाल्या, “ताई, गाठ साधी नाही. कॅन्सरची आहे. पण उपचार आहेत आणि आपण लगेच सुरू करू.”

मी विचारलं, “ही फाईल इथंच जमा करायची की खालच्या खिडकीत?”

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे पाहत होते.

मला काही वाटलं नाही. पुष्कळ बायका सांगतात की पायाखालची जमीन गेली. माझी गेली नाही. फाईल कुठे द्यायची हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. परतीच्या बसमध्ये पातूरला गाडी थांबली तेव्हा यांनी भजे आणले. आम्ही ते खाल्ले. हे म्हणाले, “मिरची घे न.” मी मिरची घेतली. ती तिखट होती की नव्हती ते सांगता येणार नाही. मग पर्समधून वही काढून यादी केली:

१. रजेचा अर्ज.
२. प्राचीला कळवणे (रात्री नको, सकाळी).
३. गॅसचा नंबर लावणे.
४. आत्याबाईंना रिठदहून आणणे.
५. रक्तगटाचा कागद शोधणे.

प्राची आमची मुलगी, नागपूरला नोकरीला असते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. रिसोडच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत यादी एकवीस कामांची झाली होती. हे शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होते. मेडशीच्या पुढं कुठंतरी म्हणाले, “त्या यादीत माह्यं काय काम आहे?” मी पाहिलं. चौथं त्यांचं होतं. तसं सांगितलं. ते “बरं” म्हणाले.

मंगळवार

आधी ऑपरेशन झालं. मग लाल रंगाचं औषध, चार वेळा, तीन-तीन आठवड्यांनी. ते ज्यांनी घेतलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्यानंतर दुसरं औषध, दर मंगळवारी एक, असे बारा.

मंगळवार ठरलेला असे. सकाळची बस. डब्यात भाकर आणि घट्ट वरण, कारण पोळी घशात अडके. पोचल्यावर नंबर, वजन, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांची खोली, मग खुर्ची. हॉलमध्ये आठ खुर्च्या होत्या. मला खिडकीजवळची आवडे, कारण तिथून पार्किंग दिसतं आणि माणसं गाडी कशी लावतात ते पाहत वेळ जातो. शीर सापडली नाही तर सिस्टर गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवत. ती पाच मिनिटं फार चांगली जात. एवढ्यासाठी मी कधीकधी शीर सापडू नये असं म्हणत असे.

मी एक वही केली होती. डावीकडे तारीख, मग ताप, जेवण, उलटी, झोप, शौच, तोंडातले फोड, आणि शेवटी शेरा. रोज सकाळ-संध्याकाळ भरायची. डॉक्टरांना ती फार आवडली. वही पाहिली की त्यांचं अर्धं काम होई. “सगळ्यांनी अशी ठेवली तर माझी ओपीडी एक वाजता संपेल,” असं म्हणत. सिस्टर ती हातात धरून दुसऱ्या बायकांना दाखवत. मला बरं वाटे. त्या दिवसांत बरं वाटण्यासारखं आणखी काही नव्हतं.

पांढरं

ऑपरेशननंतर हात हलता ठेवायला सांगितलं होतं. हाताचा व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चढवायची, ते मला दोन दिवसांत नकोसं झालं. काही काम हवं होतं. लाल औषध सुरू झाल्यावर गोधडी शिवायचं ठरवलं.

एकाच रंगाची करायची हेही लगेच ठरलं. त्यात कला वगैरे काही डोक्यात नव्हतं. लाल औषधानंतर रंग डोळ्यांपुढे आले की मळमळे. नेहमीची गोधडी म्हणजे दहा लुगड्यांचे दहा रंग, कुठला कुठे लावायचा ते ठरवत बसायचं. ठरवण्याची ताकद नव्हती. पांढरं घेतलं की प्रश्न संपला.

घरातलं पांढरं काढलं. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, तीन धोतरं ट्रंकेत होती, ते गेल्यापासून तशीच. प्राचीचे शाळेचे शर्ट. यांचा हातमागाचा पंचा. एक वायलची ओढणी. मांजरपाटाच्या दोन पिशव्या. शेजारच्या सुशीलाताईंनी आणखी दिलं. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे, जैन घर. दुकानातले पांढरे तुकडे पिशवीभर घेऊन आल्या.

सगळं पलंगावर मांडलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पांढरं एक नसतं. धोतराची वीण मऊ, धुऊन धुऊन सुताला सूत टेकलेलं. पंच्याची वीण जाड, आडवे-उभे धागे वेगवेगळे मोजता येतील अशी. शर्टाचं कापड गुळगुळीत, त्यावर उजेड घसरतो. वायल तर नुसती जाळी. रंग काढून घेतला की विणकर काय करतो ते दिसतं. मग मी तुकडे विणीप्रमाणे लावले. मध्ये धोतराच्या पट्ट्या, बाज विणतात तशा एकीखालून एक ओवलेल्या. त्याभोवती पंचा, मग मांजरपाट, कडेला शर्ट. उजेड एका बाजूने आला की चौकोन उठून दिसत. समोरून पाहिलं तर काहीच नाही, नुसतं पांढरं.

आत्याबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, नक्की वय त्यांनाही माहीत नाही. रिठदला त्यांच्या हातच्या गोधड्या घरोघरी आहेत. बाळंतिणीची, लग्नाची, म्हाताऱ्याची, सगळ्या वेगळ्या.

“हे काय करून राह्यली व?”

“गोधडी.”

“सारी पांढरी?”

“हो.”

“कोनासाठी?”

“कोणासाठी नाही. हात हलावा म्हणून.”

त्या आत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. “पांढरी गोधडी घरात जित्या मान्सासाठी शिवत नाई, शोभा. माही माय सांगे. एक तरी ठिगय लाल लाव. कोपऱ्यात लाव. कोनाले दिसत नाई.”

“मला लाल पाहवत नाही, आत्याबाई.”

“मंग हिरवं लाव.”

“एकच रंग ठेवायचा आहे.”

“काहून?”

मी तुकडे सारखे करत राहिले. सुशीलाताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “अहो आजी, आमच्यात पांढरं म्हणजे सबसे अच्छा. आमच्या माताजी दीक्षा घेतात न, मग जन्मभर पांढरंच नेसतात. त्यात रडायचं काय?”

“तुमच्या माताजी घर सोडून जातात न,” आत्याबाई म्हणाल्या. “हिले घरातच राहाचं आहे.”

सुशीलाताई हसल्या. मीही हसले असेन. पुढच्या आठवड्यात तीनदा तरी हाच वाद झाला. प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं आणि आत्याबाई “तुही मर्जी” म्हणून उठून गेल्या.

जी नोंद केली नाही

दुसरं औषध सुरू झालं. चौथ्या मंगळवारनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. मग मुंग्या गेल्या आणि त्या जागी काहीच उरलं नाही. बोटांना मेणाची टोपणं घातल्यासारखं वाटे. ब्लाऊजचे हुक लागेनात, म्हणून गाऊन घालू लागले. पायांचंही तसंच. चप्पल पायातून निघाली तरी कळत नसे, चार पावलं पुढं गेल्यावर मागं पाहायची. हातातून कप सुटू लागले. दोन फुटले, मग तिसरा.

हे म्हणाले, “काचेचे कप ठेवून दे. स्टीलचे काढ.” आवाजात काही होतं, पण मी त्यात गेले नाही. स्टीलचे काढले.

पाचव्या मंगळवारी वही भरायला घेतली होती. शेऱ्याच्या रकान्यात ‘बोटांना’ एवढं लिहिलं आणि सिस्टर आल्या. बाजूच्या खुर्चीवर पातूरच्या एक बाई असत, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या हातापायांना बधिरपणा आला होता. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सुई लावलीच नाही. त्यांचा नवरा फाईल घेऊन उभा होता आणि कोणाला तरी फोनवर सांगत होता, “बंद केलं. हो. बंद केलं म्हन्ते.”

बंद केलं. माझ्या डोक्यात कार्यालयातला अर्थ आला. प्रकरण बंद करतात, म्हणजे त्यात आता काही व्हायचं नसतं. त्या बाई पुन्हा मंगळवारी दिसल्या नाहीत. त्यांचं काय झालं हे मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित साधं उत्तर मिळालं असतं.

मी ‘बोटांना’ हा शब्द खोडला. माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसते, म्हणून ते पान फाडून नवं केलं.

डॉक्टरांनी त्यानंतर प्रत्येक मंगळवारी विचारलं, “हातापायाला मुंग्या, बधिरपणा?” मी प्रत्येक मंगळवारी नाही म्हटलं. वहीत नव्हतंच, त्यामुळे त्यांना शंका येण्याचं कारण नव्हतं. बारा पूर्ण करायचे, एवढं एकच मला कळत होतं. बारा झाले की आजार गेला, अकरा झाले तर राहिला, असा हिशोब मी धरून बसले होते. तो मला कोणी सांगितला नव्हता.

यात धाडस नव्हतं, आणि भीतीही म्हणावी तशी जाणवत नव्हती. नोंद नाही, म्हणजे कागद आला नाही. इतकं ते सरळ वाटत होतं.

शिवणं मात्र चालू ठेवलं. दोरा ओवायला प्राचीने नागपूरहून पाठवलेलं तारेचं साधन मी वापरत असे. कुठला तुकडा कुठला ते बोटांना कळेना, म्हणून कापड गालाला लावून पाहत असे. गालाला धोतर आणि वायल यांतला फरक कळत होता. वरून सुई घालायची, खालून डाव्या हाताने ती धरून परत वर द्यायची. खालचा हात दिसत नाही. सुई नेमकी कुठे लागते ते कळायला बोट लागतं, आणि माझं बोट नव्हतं. दोनदा काम संपल्यावर डाव्या हाताच्या बोटांवर रक्ताचे ठिपके दिसले. गाऊनला पुसले. वहीत तेही लिहिलं नाही.

लाल ठिगळ

नववा मंगळवार झाला. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी झोपले होते. जाग आली तर आत्याबाई जमिनीवर गोधडी पसरून बसलेल्या. गोधडी उलटी केलेली. त्यांच्या मांडीवर सुई-दोरा आणि तळहाताएवढा लाल कापडाचा तुकडा होता.

मी उठून बसले. “आत्याबाई, मी नको म्हटलं होतं.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “मी लाल ठिगय लावाले बसली,” त्या म्हणाल्या, “तं इथं पह्यलेच लाल आहे.”

मी पलंगावरून खाली उतरून पाहिलं. अस्तराच्या बाजूने, टाक्यांच्या ओळींच्या कडेनं, तपकिरी ठिपके होते. काही मोहरीएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे. एका ओळीत सात-आठ. पुढच्या ओळीत आणखी. जुन्या ओळींत कमी, नव्या ओळींत जास्त. नोंदवहीसारखे, तारखेप्रमाणे.

“सुई लागली असेल,” मी म्हटलं.

“एका दिवसाचं नाई हे. मी जलमभर गोधड्या शिवल्या. मले नको सांगू.” त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला. “तिकडं पाह्य. भिंतीकडं.”

मी भिंतीकडे पाहिलं.

“कोनतं बोट धरलं?”

मी थांबले. “मधलं.”

“आता?”

“अंगठा.”

“आता?”

“करंगळी.”

“आता काईच नाई धरलं,” आत्याबाई म्हणाल्या. “आन् मघा दोन्ही खेपेस एकच बोट होतं. अंगठ्याजवळचं.”

माझा हात त्यांच्या हातात होता, हे मला दिसत होतं म्हणून कळत होतं.

“डॉक्टरीन बाईले सांगितलं?”

“नाही.”

“तुह्या वहीत?”

“नाही लिहिलं.”

“मले लिहिता-वाचता येत नाई,” त्या म्हणाल्या. “मले वाटे, त्या वहीत सारं असते. तू लिहून राह्यली म्हणून मी काई इचारत नव्हती.”

मग मी सांगितलं. पातूरच्या बाईचं, फाडलेल्या पानाचं, बाराचं. आवाज न चढवता, कार्यालयात टिपणी वाचून दाखवावी तसं. त्यांनी ऐकून घेतलं. लाल तुकडा घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मग गोधडी सरळ केली, अंगावर घेतल्यासारखी स्वतःच्या मांडीवर ओढली आणि म्हणाल्या, “ही माही. कोन्ही इचारलं तं सांगजो, म्हातारीसाठी शिवून राह्यली. पांढरं कोनावर जाचंच असन तं माह्यावर जाऊ दे.”

“आत्याबाई, असं काही नसतं.”

“नसन. तरी माही.” त्या उठल्या. “मंगयवारी मी येतो तुह्यासंग. तू सांगतं का मी सांगू, ते बसमधी ठरव.”

संध्याकाळी हे शेतातून आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते चहाचा स्टीलचा कप हातात घेऊन बसले होते. म्हणाले, “मले वाटलं तू रागानं कप आपटून राह्यली. मी दर मंगयवारी येत नाई म्हणून.” इतके दिवस ते हे धरून बसले होते. आम्ही दोघंही एका घरात, आपापलं न नोंदवलेलं घेऊन फिरत होतो. मी त्यांना कप आपटत नव्हते असं सांगितलं. ते म्हणाले, “आपटले असते तं बरं झालं असतं.”

सांगितलं

बसमध्ये ठरवायला काही नव्हतं. माझी वही, माझी चूक, सांगायचंही मीच. आत्याबाई डॉक्टरांच्या खोलीत माझ्या मागच्या स्टुलावर बसल्या.

मी सांगितलं. पाचव्या मंगळवारपासूनचं सगळं, ओळीने.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. “तुमची वही मी बाकीच्यांना दाखवते, ताई.”

“माहीत आहे.”

त्यांनी डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने, मग पिनेने, मग झिणझिणणाऱ्या एका दांड्याने हातपाय तपासले. बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत काही नाही. पायांना घोट्यापर्यंत जवळजवळ काही नाही.

“हे औषध आता बंद,” त्या म्हणाल्या.

तोच शब्द. मी विचारलं, “मग आजार?”

“नऊ झाले आहेत. नऊ म्हणजे शून्य नव्हे. बाकीचे उपचार आहेत, ते पुढे चालू राहतील. मी खात्री बारानंतरही दिली नसती, नऊनंतरही देत नाही.” मग म्हणाल्या, “पाचव्या-सहाव्याला सांगितलं असतं तर मी डोस कमी केला असता. बहुतेक बाराही पूर्ण झाले असते.”

बारा पूर्ण व्हावेत म्हणून मी जे लपवलं, त्यानेच बारा पूर्ण झाले नाहीत. हे मला तिथे, त्या खुर्चीत कळलं. तेव्हाही मी रडले नाही. “बोटं परत येतील?” एवढं विचारलं.

“काही येतील, काही नाही येणार. किती दिवसांत ते सांगता येत नाही.”

मागून आत्याबाई म्हणाल्या, “बाई, तिच्यावर रागावू नका. तिनं कारकुनाचं डोस्कं लावलं.”

डॉक्टर म्हणाल्या, “आजी, मी रागावले नाही. मी पण त्यांची वहीच वाचली. त्यांच्या हातांकडे पाहिलं नाही.” मग त्यांनी मला पातूरच्या बाईंचं सांगितलं. त्यांचं औषध बदललं होतं आणि आता त्या शुक्रवारी येत होत्या.

थोडं तुमच्यासाठी

वही जरूर ठेवा. पण तिच्यात एक रकाना असा ठेवा की जो दुसऱ्याने भरायचा. घरातल्या कोणीतरी रोज तुमच्याकडे पाहून लिहायचं, त्यांना काय दिसलं ते. तुम्ही लिहिता ते तुम्हाला हवं ते असतं. दुसरं, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं काय झालं ते तर्काने ठरवू नका, सिस्टरांना विचारा. तिसरं, चप्पल पट्ट्याची घ्या, पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा, आणि रोज झोपताना तळपाय आरशात बघा, कारण जखम झाली तरी कळत नाही.

औषध थांबल्याला आता सव्वा वर्ष झालं. आतापर्यंतच्या तपासण्या ठीक आल्या आहेत. मी पुन्हा कामावर जाते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बऱ्यापैकी परत आली, शिक्का मारता येतो, पेन धरता येतो. डाव्या हाताची टोकं आली नाहीत. पाय अर्धे आले. जे आलं ते आधी जळजळ होऊन आलं, आणि ती जळजळ मला फार नकोशी होती. कोणी सांगितलं नव्हतं की परत येणं असं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

शेवटी एक दिवस सांगते, औषध बंद झाल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारचा.

मोकळा मंगळवार

सकाळी नेहमीच्या वेळेला जाग आली. डबा नव्हता, बस नव्हती. हे शेतावर जाताना दोनदा परत आले, एकदा चावी विसरली म्हणून आणि एकदा काहीच न विसरता. “आज काय करतं?” असं विचारून गेले.

मी काहीच करत नव्हते. पलंगावर बसून होते. बारापैकी दहावा झाला नाही आणि अकरावा आज व्हायचा होता, तो होणार नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. अकरा वाजता साधारण खुर्ची मिळत असे.

आत्याबाई आल्या. गोधडी जमिनीवर पसरली. दोन बाजू शिवायच्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, “ये. बस.”

“मला जमत नाही, आत्याबाई. पुन्हा रक्त लागेल.”

“तुले वरून दिसते न?”

“दिसतं.”

“मंग तू वरून घाल. खालचा हात माहा.”

त्या माझ्या समोर मांडी घालून बसल्या आणि डावा हात गोधडीखाली सारला, टाका जिथे पडायचा त्याच्या खाली. मी सुई वरून टोचली. खाली काय होतं ते मला दिसत नव्हतं.

“हं,” आत्याबाई म्हणाल्या. सुई खालून वर आली. मी तिचं टोक डोळ्याने पाहून धरलं, दोरा ओढला, पुढचा टाका घातला.

“हं.”

असं चाललं. मी टाका घालायची, त्या हं म्हणायच्या. एकदा त्या म्हणाल्या, “टाके लांब पडून राह्यले.” मी जवळ घातले. एकदा सुशीलाताई दारात डोकावल्या, आमच्याकडे पाहून गेल्या. दुपारपर्यंत एक कड पूर्ण झाली. माझ्या बोटांना दोरा कळत नव्हता, कापड कळत नव्हतं, सुईही कळत नव्हती. पण प्रत्येक टाका कुठे पोचला ते मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या कडेला लागलो तेव्हा त्यांचा हं थोडा उशिरा येऊ लागला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ दाबलेले होते.

“आत्याबाई, टोचते का?”

“टोचते तं,” त्या म्हणाल्या. “सुई आहे, टोचनच. तू नको थांबू.”

मी पुढचा टाका घातला.